कच्चे मडके आणि फिरलेले देऊळ

गेली काही वर्षे आमच्या नांदेड-लातूर परिसरातल्या महाविद्यालयांत एका विषयावरच्या व्याख्यानांना चांगले दिवस आले आहेत. फलकावरचे शीर्षक दरवेळी थोडे बदलते. कधी ते 'भावनिक कणखरता' असते, कधी 'टीकेला सामोरे जाताना', तर कधी सरळ 'अपमान पचवण्याची कला'. सांगणे मात्र एकच असते. लोक बोलतच असतात, मनावर घेऊ नका. हत्ती चालू लागला की कुत्री भुंकतातच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. व्याख्याता पाहुणा असतो, सभागृह भरलेले असते, शेवटी टाळ्या होतात, आभारप्रदर्शन होते आणि विद्यार्थी कणखर झाले असे समजून आपण सारे चहाला जातो.

आमचा आक्षेप कणखरपणाला नाही. साहित्याचा व्यवहार ज्याला करायचा आहे त्याची कातडी अगदीच पातळ असून चालत नाही, हे मराठी शिकवणाऱ्या माणसांना कोणी वेगळे सांगण्याची गरज नाही. आक्षेप आहे तो या व्याख्यानांतून सर्रास होणाऱ्या एका गल्लतीला. 'टीका' आणि 'अपमान' हे दोन शब्द तेथे 'ऊनपाऊस' या जोडशब्दासारखे एका दमात उच्चारले जातात आणि दोहोंवर औषध एकच सांगितले जाते: सोसा. ही गल्लत भाबडी असेल, पण निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे टीकेचे मोल बुडते आणि अपमान करणारा मोकळा सुटतो.

हा भेद आपल्या परंपरेला ठाऊक नव्हता असे नाही. उलट तो आपल्याच मुलखातल्या एका संताच्या चरित्रात, दोन वेगवेगळ्या आख्यायिकांतून, लख्खपणे मांडलेला आहे. नामदेव महाराज हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे, असे आपली परंपरा मानते. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सूचनेवरून तेरच्या गोरोबाकाकांनी आपले थापटणे घेतले आणि जमलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याची पारख केली, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. बाकीचे मुकाट बसले. नामदेवांना मात्र राग आला आणि नामदेवांचेच मडके कच्चे ठरले. ते रुसून पंढरपुरी विठ्ठलाकडे गेले. तेथेही त्यांची बाजू घेतली गेली नाही. देवानेच त्यांना गुरूच्या शोधात पाठवले आणि औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांना उपदेश मिळाला.

या कथेत नामदेवांना राग येतो, ही गोष्ट आपण सहसा हसण्यावारी नेतो. आम्हांला ती कथेचा गाभा वाटते. परंपरेने नामदेवांच्या रागाला पाप म्हटलेले नाही. ज्याला काही वाटतच नाही तो पक्का, असेही ती म्हणत नाही. राग आला, अभिमान दुखावला, तरीही निवाडा खरा आहे की खोटा याचा शोध घेण्यासाठी माणूस उठून चालू लागला, यात त्याचे मोठेपण आहे. कणखर आणि निगरगट्ट या दोन शब्दांतले अंतर नेमके हेच आहे. निगरगट्ट माणसाला लागत नाही. कणखर माणसाला लागते आणि लागल्यावरही त्याचे डोके चालू राहते. पाहुण्या व्याख्यात्यांना जे शिकवायचे असते ते पहिले आहे आणि त्याला नाव मात्र दुसऱ्याचे दिले जाते.

पारख करणाऱ्याकडेही पाहावे. गोरोबा कुंभार होते. मडके कसे वाजते हे त्यांना व्यवसायाने ठाऊक होते. त्यांचे थापटणे सर्वांच्या डोक्यावर पडले, एकट्या नामदेवांच्या नव्हे. निवाडा कठोर होता, पण त्यात पुढची वाट होती, कारण कच्चे मडके भाजता येते. जाणकारी, समान कसोटी आणि सुधारण्याची शक्यता या तीन गोष्टी जेथे असतात तेथे शब्द कितीही बोचरे असोत, त्याला टीका म्हणावे. त्या जेथे नसतात तेथे शब्द कितीही गोड असोत, तो दुसराच काही व्यवहार असतो.

आता दुसरी आख्यायिका. देवळात भजन करणाऱ्या नामदेवांना त्यांच्या जातीमुळे तेथून हुसकावण्यात आले, ते देवळामागे जाऊन बसले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. या प्रसंगाचे पद नामदेवांच्या नावे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहे आणि औंढ्याची लोकपरंपरा तो प्रसंग नागनाथाच्या देवळाशी जोडते. ज्या नामदेवांना संतमेळ्याने कच्चे म्हटले त्यांची ६१ पदे ज्या ग्रंथात आहेत, तो ग्रंथ नांदेडच्या सचखंडात गुरुस्थानी आहे, हेही येथे आठवावे.

माणूस तोच, दोन्ही कथांना औंढ्याची पार्श्वभूमीही तीच. पण परंपरेने दोन प्रसंगांची दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. 'तुझे ज्ञान अपुरे आहे' असे म्हटले गेले तेव्हा बदलावे लागले ते नामदेवांना. 'तुझी जात येथे बसण्याची नाही' असे म्हटले गेले तेव्हा मात्र त्यांना कोणी सोसायला सांगितले नाही. तेव्हा देवळाला फिरावे लागले. चमत्कारावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. आख्यायिका रचणाऱ्या लोकमानसाला न्याय कोठे आहे हे कळत होते, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे. आजचे व्याख्याते दोन्ही प्रसंगी नामदेवांनाच बदलायला सांगतात.

आधी टीकेविषयी बोलू, कारण तिची स्थिती आपल्या क्षेत्रात दयनीय आहे. मराठी वाङ्मयीन जगात आज थापटणे जवळजवळ हद्दपार झाले आहे. प्रकाशन समारंभात वक्ता पुस्तकाऐवजी लेखकाच्या स्वभावावर बोलतो. परीक्षण हे बहुधा मित्राने मित्रासाठी लिहिलेले असते आणि त्यातले दोष 'मुद्रणाच्या काही चुका वगळता' या वाक्याच्या पुढे सरकत नाहीत. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा हा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम झाला आहे. बाहेरगावच्या परीक्षकाने खरा प्रश्न विचारलाच तर सभागृहात अस्वस्थता पसरते. भालचंद्र नेमाड्यांनी लेखकाचा 'लेखकराव' का होतो असा प्रश्न विचारला त्याला अर्धशतक उलटले. आता लेखकरावांबरोबर समीक्षकराव आणि मार्गदर्शकरावही तयार झाले आहेत. अशा वातावरणात वाढलेल्या विद्यार्थ्याला टीका म्हणजे काय हे कळणार तरी कसे? जी गोष्ट त्याने पाहिलीच नाही तिला सामोरे जाण्याची कला त्याला दोन तासांच्या व्याख्यानात शिकवली जाते.

आणि हे घडते कोठे? नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात. पीपल्स कॉलेजात ज्यांनी शिकवले, पुढे तेथेच जे प्राचार्य झाले, त्या कुरुंदकरांनी 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीचा आढावा घेताना कोणाच्या प्रतिष्ठेची भीड धरली नाही. त्याहून बोलके उदाहरण 'श्रीमान योगी'चे आहे. रणजित देसाई तोवर 'स्वामी'मुळे लोकप्रियतेच्या शिखरावर होते. त्यांच्या शिवचरित्रपर कादंबरीला कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे आणि ती स्तुतिस्तोत्र नाही. शिवकालाविषयी, साधनांविषयी आणि महापुरुषाकडे पाहण्याच्या दृष्टीविषयी ती स्वतंत्र मांडणी करते, वाचकाला विचार करायला लावते. वलय असलेल्या कादंबरीकाराने असा मजकूर स्वतःच्या पुस्तकाच्या दारातच छापावा, याला आम्ही वाङ्मयीन कणखरपणा म्हणतो. त्यासाठी देसायांना कोणत्याही शिबिराला जावे लागले नव्हते. समोर जाणकार माणूस आहे आणि त्याला विषयाची आस्था आहे, एवढा विश्वास पुरेसा होता.

आता अपमानाविषयी. आमच्या एका विद्यार्थ्याची हकिकत येथे सांगणे आवश्यक वाटते. त्याच्या संशोधनाचा आराखडा पहिल्यांदा आला तेव्हा तो फार विस्कळीत होता. आम्ही तो लाल शाईने भरून परत केला. त्याने पुन्हा लिहिला, पुन्हा परत गेला. तिसऱ्या खेपेला आराखडा उभा राहिला. या काळात त्याचे तोंड कधी उतरले असेल, पण तो येत राहिला. पुढे एका मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात तो अध्यापकपदाच्या मुलाखतीला गेला. सध्या काय चालू आहे या प्रश्नावर 'नेटची तयारी करायलो' असे त्याच्या तोंडून निघून गेले. मंडळातल्या एका सदस्याने ते 'करायलो' हेल काढून पुन्हा उच्चारले. बाकीचे हसले. त्याच्या संशोधनावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. परत आल्यावर तो कित्येक दिवस ग्रंथालयात फिरकला नाही, आणि त्याची समजूत घालणाऱ्या बहुतेकांनी त्याला एकच सांगितले: एवढे काय मनावर घ्यायचे, जरा कणखर हो.

तीन वेळा आराखडा फाडून नव्याने लिहिणारा मुलगा नाजूक होता काय? तो पुरेसा कणखर होताच. मुलाखतीत त्याच्यापुढे आली ती टीका नव्हती. गोरोबांची तिन्ही लक्षणे लावून पाहावीत. नामदेव-जनाबाईंच्या मुलखातल्या बोलीला हसणाऱ्याला भाषेच्या इतिहासाची जाण असण्याची शक्यता कमी. कसोटी सर्वांना सारखी नव्हती. त्याच खोलीत कोणी आपल्या शहरी बोलीतले रूप वापरले असते तर कोणी हसले नसते. आणि त्यातून सुधारण्यासारखे काय निघते? आपल्या आईची भाषा विसरून ये, एवढेच. औपचारिक प्रसंगी प्रमाण भाषा वापरावी हे आम्ही वर्गात सांगतोच आणि ते सांगणे टीका आहे. हेल काढून दाखवणे हे टीका नव्हे. ज्याला हा फरक कळत नाही त्याने मराठीची मुलाखत घेऊ नये.

लातूरचे नाव ज्या 'पॅटर्न'मुळे महाराष्ट्रभर झाले त्याच्या कडेलाही हीच गल्लत दिसते. खेड्यापाड्यांतली मुले त्या मेहनतीमुळे डॉक्टर-अभियंता झाली, हे श्रेय कोणी नाकारू नये. पण शिकवणीच्या भिंतीवर लागणारी गुणांची उतरती यादी, शेवटच्या बाकावरच्या मुलाला वर्गासमोर उभे करून मारलेला टोमणा आणि 'यानेच पोरे ईर्षेला पेटतात' हे त्याचे समर्थन, या गोष्टी अध्यापनात बसत नाहीत. कोणते उदाहरण का चुकले हे सांगणे टीका आहे. 'तुझ्या बापाने शेत विकून पैसे भरले ते यासाठी का' हे म्हणणे म्हणजे मुलाच्या घरच्या दारिद्र्याचा छडी म्हणून उपयोग करणे आहे. पहिल्या प्रकारात मुलाला गणित कळते. दुसऱ्यात त्याला स्वतःची लाज वाटू लागते. लाजेने पेटलेले एखादे मूल पुढे गेल्याची गोष्ट सगळे सांगतात. विझलेल्यांची गणना कोणी ठेवत नाही.

सोशिकपणाचे पुरस्कर्ते येथे हमखास दोन नावे घेतात: पैठणचे एकनाथ आणि सावित्रीबाई फुले. दोन्ही उदाहरणे आपण नीट वाचायला हवीत. गोदास्नान करून येणाऱ्या नाथांवर एक मनुष्य पुनःपुन्हा थुंकला आणि नाथ पुनःपुन्हा स्नानाला गेले, ही कथा क्षमेची म्हणून सांगितली जाते. ती खरोखरच थोर आहे. परंतु नाथ त्या गावातले प्रतिष्ठित, विद्वान गृहस्थ होते. त्यांनी सोसले ते दुर्बलतेपोटी नव्हे. त्याच नाथांच्या चरित्रात तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल कडेवर घेण्याची कथा आहे आणि श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना जेवू घालून ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतल्याचीही आहे. म्हणजे स्वतःच्या अंगावरची थुंकी त्यांनी धुऊन टाकली, दुसऱ्याची अवहेलना मात्र त्यांनी सोसली नाही. आपण पहिली कथा घेतो आणि उरलेल्या दोन सोडून देतो. स्वतःचा अपमान विसरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याला 'तू विसर' असे सांगण्याचा हक्क नाथांनीही घेतला नव्हता.

सावित्रीबाईंचे तर आपण जास्तच सोयीस्कर वाचन केले आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. शिकवायला जाताना अंगावर शेण आणि दगड येत, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत. ३ जानेवारीच्या भाषणात हे लुगडे दरवर्षी येते. शेण फेकणारे मात्र येत नाहीत. जणू ते आकाशातून पडत होते. आणखीही काही येत नाही. सावित्रीबाई एकट्या नव्हत्या. जोतीराव होते, सगुणाबाई होत्या, फातिमा शेख होत्या. १८५४ मध्ये त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला, म्हणजे त्या नुसत्या सोसत नव्हत्या, लिहीत होत्या. पुढे १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीरावांनी सहभाग नाकारणारे पत्र पाठवले आणि का नाकारतो याची कारणे दिली. ज्या सभेत बहुजनांच्या प्रश्नाला स्थान नाही तेथे मान डोलवायला न जाणे, हाही कणखरपणाच आहे. त्याचे शिबिर कोठे भरत नाही.

आणि व्यक्तीचा अपमान जेव्हा समूहाचा अपमान असतो तेव्हा तर 'सोसा' हा उपदेश क्रूर होतो. मराठवाड्यात राहून हे विसरता येत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगावी दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनी. त्याच्या काही आठवडे आधी नांदेडचे गौतम वाघमारे यांनी या मागणीसाठी प्राण दिले. 'नावात काय आहे' हा प्रश्न त्या काळात वारंवार विचारला जात होता. तो शहाणपणाचा वाटे, कारण विचारणाऱ्याच्या नावाला कधी कोणी हात लावलेला नव्हता.

कायद्याला हा भेद कळतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. त्याने चारचौघांत हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाला अपराध मानले. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. तरीही मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप पुढे आला. खटल्याचा निवाडा न्यायालय करील. पण अशी प्रत्येक बातमी आल्यावर 'आजची पिढी फार हळवी' असे शिक्षकांच्या दालनात जे म्हटले जाते, त्याचा निवाडा करायला न्यायालयाची गरज नाही.

अपमानाला आपल्या साहित्याने दिलेले उत्तर मात्र विलक्षण आहे आणि त्यातले एक लातूरच्या मातीतून आले आहे. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि ज्यांच्या माथ्यावरचा तो शिक्का स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये पुसला गेला, त्यांपैकी एका जमातीतला हा लेखक. जो शब्द पोलीस शिवीसारखा वापरत तोच त्याने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, स्वतःच्या नावासह छापला. त्याआधी लक्ष्मण मान्यांनी 'उपरा' आणि शरणकुमार लिंबाळ्यांनी 'अक्करमाशी' लिहिले. तेथेही शीर्षक म्हणजे समाजाने फेकलेला दगडच. या लेखकांनी अपमान पचवला नाही. तो त्यांनी कागदावर मांडला, त्याची कारणे उलगडली आणि ज्यांनी तो केला त्यांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात नेऊन ठेवला.

याच ठिकाणी आमच्या व्यवसायबंधूंना आणखी एक सांगावेसे वाटते. या आत्मकथनांवर आपण जे लिहिले त्यात 'दाहक वास्तव' आणि 'जळजळीत अनुभव' या शब्दांपलीकडे फारसे काही आढळत नाही. रचनेविषयी, निवेदनाविषयी, भाषेच्या स्तरांविषयी कठोर प्रश्न विचारायचे नाहीत, कारण लेखकाने सोसले आहे! ही सहानुभूती नाही. थापटणे बाकी सर्वांच्या डोक्यावर पडले आणि एकाला वगळले, तर त्या एकाला मडक्यांच्या रांगेत धरलेलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. खेड्यातला विद्यार्थी आहे, चालायचेच, असे म्हणून निबंधावर नुसती सही करणारा प्राध्यापक हाच अपमान गोड शब्दांत करत असतो.

यावर एक प्रतिवाद अपेक्षित आहे. जग कठोर आहे, ते बदलेपर्यंत मुलांनी काय करावे? त्यांना आज नोकरी हवी आहे, आज मुलाखतीला जायचे आहे. उद्या फिरणाऱ्या देवळाची वाट पाहत ती बाहेर बसणार काय? प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर निगरगट्टपणात नाही. ज्याच्या लेखनावर वर्षानुवर्षे जाणकार माणसाने मनापासून टीका केली आहे, त्याला स्वतःचे मडके कोठे पक्के आणि कोठे कच्चे हे आधीच ठाऊक असते. कोणी हेल काढून दाखवला तर त्याला दुःख होईल, पण आपण कोण आहोत याविषयी शंका येणार नाही. अपमान ज्याला मुळापासून हलवतो, त्याला बहुधा खरी टीका कधी मिळालेलीच नसते. तेव्हा शेवटी अनोळखी माणसाचे हसणे हेच त्याला स्वतःचे मोजमाप वाटते. आमचा विद्यार्थीही ग्रंथालयात परतला तो एखाद्या व्याख्यानामुळे नव्हे. तिसऱ्या खेपेचा आराखडा चांगला आहे हे त्याला स्वतःला ठाऊक होते म्हणून.

म्हणून व्याख्यानांऐवजी आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याच्या लेखनावर वर्षातून निदान चार वेळा लेखी, सकारण अभिप्राय द्यावा. मौखिक परीक्षेत प्रश्न विचारावेत आणि शाल-श्रीफळ निकालानंतर, दुसऱ्या दिवशी द्यावे. पुस्तकाच्या प्रकाशनाला एक तरी वक्ता मतभेद असलेला बोलवावा. यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही. चौथी सूचना महाग आहे. आपल्या विद्यार्थ्याचा जातीवरून, भाषेवरून किंवा दारिद्र्यावरून अपमान झाला आणि त्याने तक्रार लिहिली, तर त्या कागदावर त्याच्या नावाखाली दुसरी सही प्राध्यापकाची असावी. ज्यांची ही सही करण्याची तयारी नाही, त्यांनी विद्यार्थ्यांना कणखर होण्याचा उपदेश करू नये.